पावसाळा आला की ई.ई. का पडतो? बीटा-अमिनो आम्लांच्या हायड्रोजनेशनमधलं आमचं जुनं दुखणं

लक्षण असं. तोच सब्स्ट्रेट (ज्यावर रिॲक्शन करायची तो माल), तोच ऱ्होडियम धातूचा कॅटॅलिस्ट (रिॲक्शन घडवून आणणारा), तेच मिथेनॉल, तोच ऑटोक्लेव्ह (दाबाचं बंद भांडं). फेब्रुवारीत ई.ई. (डाव्या-उजव्या रेणूंत हव्या त्याचं आधिक्य, टक्क्यांत; हिशोब खाली) ९५, मार्चमध्ये ९४, मे महिन्यात पुन्हा ९५. जूनमध्ये बेळगावात पाऊस धरला की ८८. जुलैत ८१. गणपती गेल्यावर हळूहळू ९३-९४ वर परत. एकदाच झालं असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. आमच्याकडं हे लागोपाठ तीन पावसाळे झालं.

ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. बीटा-अमिनो आम्लात अमिनो गट आम्लगटाला चिकटलेल्या कार्बनवर नसतो, त्याच्या पुढच्या कार्बनवर असतो. मधुमेहावरचं सिटाग्लिप्टिन, कर्करोगावरच्या पॅक्लिटॅक्सेलची बाजूची साखळी, या दोन्हींत असा सांगाडा आहे. तो बनवायचा एक सरळ मार्ग म्हणजे दुहेरी बंध असलेलं इनामाइड घ्यायचं आणि त्यावर हायड्रोजन एकाच बाजूनं चढवायचा, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या डाव्या-उजव्या रेणूंतला एकच मिळतो (पुढं रेणूचा 'हात' म्हणतो तो याच अर्थानं). निपाणीच्या तंबाखूला हे आपसूक जमतं, पानात निकोटीन जवळपास एकाच हाताचं तयार होतं. आपल्याला त्यासाठी महागडा फॉस्फिन लिगंड (धातूला धरून त्याला दिशा देणारा फॉस्फरसचा रेणू) लागतो.

ई.ई. म्हणजे हव्या हाताच्या मालाचं नको असलेल्यावरचं आधिक्य. ९५ म्हणजे ९७.५ ला २.५. ८१ म्हणजे ९०.५ ला ९.५. वरवर चौदा गुणांची घसरण दिसते, पण नको असलेला माल जवळपास चौपट झालेला असतो आणि पुढचं स्फटिकीकरण तिथंच कोलमडतं.

आमचे टेक्निशियन, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांचं निदान पहिल्या वर्षीच तयार होतं. "हवा दमट होतंय सर, मग ह्याचं बिघडतंयच बघा." मलाही ते पटलं. बेळगावचा जुलै ज्यानं पाहिलाय त्याला पटणारच. कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, तिथं कॅटॅलिस्टचं काय घेऊन बसलात! म्हणून मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे मणी) आणले, मिथेनॉल दोनदा वाळवलं, वजनकाट्याच्या खोलीत डीह्युमिडिफायर बसवला. दुसऱ्या वर्षी जुलैत ई.ई. ८२.

जे पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं ते आम्ही दोन वर्षांनी केलं. मे महिन्यात, सगळं सुरळीत चाललेलं असताना, मिथेनॉलमध्ये मुद्दाम अर्धा टक्का पाणी घातलं. ई.ई. ९४. एक टक्का घातलं, तरी ९४. पाणी निर्दोष सुटलं. संशयिताला बाहेर काढण्यात दोन वर्षं घालवण्यापेक्षा त्याला एकदा मुद्दाम आत सोडून बघणं स्वस्त पडतं. एक सावधगिरी मात्र आहे. आमच्या सब्स्ट्रेटच्या नायट्रोजनवर ॲसिटिल गट आहे, म्हणून तो पाण्याला दाद देत नाही. तुमचं इनामिन मोकळं (नायट्रोजनवर असा गट नसलेलं) असेल तर पाणी त्याला फोडून पुन्हा कीटो-एस्टर, म्हणजे ज्यापासून ते केलं तो मूळ माल, करतं, आणि तिथं अण्णांचं निदान खरं ठरू शकतं.

आधी दोन आजार वेगळे करा

"रिॲक्शन बिघडली" या एका वाक्यात लोक दोन गोष्टी कोंबतात. सब्स्ट्रेट उरला, म्हणजे रूपांतर कमी झालं, हा एक आजार. सब्स्ट्रेट संपला पण हात बिघडला, हा दुसरा. पहिल्यात कॅटॅलिस्ट मेलेला किंवा झोपलेला असतो. दुसऱ्यात कॅटॅलिस्ट काम करत असतो, फक्त त्याच्या शेजारी आणखी कोणीतरी काम करत असतं. आमचं रूपांतर जुलैतही ९९ च्या वर होतं. एवढी एक ओळ वहीत नीट वाचली असती तर पाण्याच्या आणि हवेच्या मागं इतकं लागलो नसतो.

तरी हवेबद्दल बोलतोच, कारण खानापूरहून येणारी आमची एक ज्युनियर नेमकी पहिल्या आजारानं हैराण होती आणि तिचं गणित सगळ्यांच्या कामाचं आहे. तिचा हिशोब असा होता: "सर, तीनदा पर्ज केलंय की, मग ऑक्सिजन राहीलच कसा?" बघू या. ५ बारपर्यंत नायट्रोजन भरायचा आणि सोडायचा, म्हणजे दर वेळी आतली हवा सहाव्या भागावर येते. तीनदा केलं की २१६ वा भाग. २१ टक्क्यांचा ऑक्सिजन साधारण ०.१ टक्का उरतो. २०० मिलिलिटर मोकळी जागा असेल तर तो सुमारे ८ मायक्रोमोल. तिचा कॅटॅलिस्ट ५० मायक्रोमोल होता, त्यात फॉस्फरस १००. एक ऑक्सिजन रेणू दोन फॉस्फरस खाऊ शकतो, म्हणजे वाईटात वाईट धरलं तर सोळा गेले. वाईट आहे, पण रिॲक्शन बंद पडावी इतकं नाही.

खरा ऑक्सिजन मिथेनॉलमध्ये होता. हवेत उघड्या राहिलेल्या मिथेनॉलमध्ये लिटरला साधारण २ मिलिमोल ऑक्सिजन विरघळलेला असतो, पाण्यापेक्षा कितीतरी जास्त. तिचं १०० मिलिलिटर मिथेनॉल म्हणजे २०० मायक्रोमोल ऑक्सिजन, कॅटॅलिस्टच्या चौपट! वरची जागा तीनदा धुऊन द्रवात तो तसाच राहतो, कारण ढवळल्याशिवाय तो बाहेर यायला तयार नसतो. तिनं मिथेनॉलमधून अर्धा तास आर्गॉन बुडबुडवला, पर्ज ढवळत ढवळत पाच वेळा केला (पाच वेळा म्हणजे ७७७६ वा भाग), आणि कॅटॅलिस्ट त्यानंतरच आत घातला. तिचं दुखणं तिथं संपलं. पर्ज आधी नायट्रोजननं, मग हायड्रोजननं, हा क्रम कोणी घाईत उलटा करू नये. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के या सगळ्या पट्ट्यात पेट घेतो.

रंगाकडंही लक्ष द्या. ऱ्होडियमचं चांगलं द्रावण केशरी-पिवळं असतं. रन संपल्यावर ते कुंद्यासारखं तपकिरी दिसलं तर लिगंड सुटलाय आणि धातू बाहेर पडायला लागलाय, असं समजा. हा मोकळा धातूही दुहेरी बंधावर हायड्रोजन चढवतो, पण डावं-उजवं न बघता. वर बेंझिनच्या कड्यावरही हात टाकू शकतो, म्हणजे नवीन अशुद्धी फुकट. आमचं द्रावण मात्र जुलैतही स्वच्छ केशरीच होतं.

सब्स्ट्रेट: दोन भाऊ, स्वभाव वेगळे

कीटो-एस्टरपासून इनामाइड केलं की झेड आणि ई असे दोन समघटक (अणू तेच, दुहेरी बंधाभोवतीची मांडणी वेगळी) येतात. झेडमध्ये एन-एच आणि कार्बोनिल यांच्यात रेणूच्या आतच हायड्रोजन बंध जुळतो, म्हणून तो कमी ध्रुवीय आणि शुद्धीकरणाच्या कॉलमवरून आधी उतरतो. ई मागून येतो. जपानी रसायनशास्त्रज्ञ नोयोरी यांच्या गटानं १९९१ मध्ये रुथेनियम धातू आणि बिनॅप लिगंड यांच्या जोडीवर हे काम केलं तेव्हाच दिसलं होतं की ई समघटक उत्तम ई.ई. देतो आणि झेड उलट्या हाताकडं झुकतो, तेही अगदी कमी ई.ई.नं. (नोयोरींना २००१ चं नोबेल नोल्स आणि शार्पलेस यांच्यासोबत मिळालं ते याच घराण्यातल्या कामासाठी.) पुढं आलेल्या काही ऱ्होडियम कॅटॅलिस्टांवर दोन्ही समघटकांचा हात एकच पडतो, पण टक्केवारी वेगळी. तुमच्या लिगंडवर काय होतं ते दोन्ही समघटक शुद्ध करून एकेकदा चालवल्याशिवाय कळत नाही. हा दोन दिवसांचा कंटाळा सुरुवातीलाच करा.

ओळखायला प्रोटॉन एनएमआर (रेणूतला प्रत्येक हायड्रोजन कुठं बसलाय ते दाखवणारी चाचणी) पुरतो. झेडचा एन-एच ११ पीपीएमच्या आसपास एकटाच दूर उभा असतो, ईचा तसा नसतो. साध्या ॲसिटामिडो-क्रोटोनेटमध्ये दुहेरी बंधावरचा प्रोटॉन झेडला ४.९ जवळ आणि ईला ६.८ च्या सुमारास दिसतो. आमच्याकडं एनएमआर नाही, सॅम्पल धारवाडला जातं, म्हणून दर लॉटला करायचा आळस होतो. तो आळस किती महागात पडतो ते शेवटी सांगतो.

सब्स्ट्रेटच्या शुद्धतेबद्दल एक उलटी गोष्ट. सगळे म्हणतात, जितकं स्वच्छ तितकं चांगलं. औषध कंपनी मर्कनं सिटाग्लिप्टिनसाठी मोकळ्या इनामिन-अमाइडवर ऱ्होडियम आणि जोसिफॉस लिगंडनं हायड्रोजनेशन बसवलं तेव्हा निकाल लॉटनुसार हलायला लागले. शोध घेतल्यावर सापडलं अमोनियम क्लोराइड, सब्स्ट्रेटच्या काही लॉटमध्ये किंचित राहून गेलेलं. ते नुकसान करत नव्हतं, उलट त्याच्यामुळंच काम नीट चालत होतं! मग ते ०.१५ ते ०.३ मोल टक्के मोजून घालायला लागले. म्हणून तुमचा माल जास्त स्वच्छ केल्यावर निकाल बिघडला तर स्वतःला वेड्यात काढू नका, गाळणात काय निघून गेलं ते बघा. (त्या कारखान्यात पुढं ही पायरीच एका घडवलेल्या एन्झाइमनं घेतली, पण तो वेगळा विषय.) आमच्या बाबतीत जुना आणि नवा लॉट एकाच दिवशी चालवला. दोन्ही सारखेच पडले. सब्स्ट्रेटही सुटला.

दाब आणि लाइट

यावर थोडक्यात. अशा ऱ्होडियम यंत्रणांत दाब वाढवला की ई.ई. कमी होऊ शकतो, विशेषतः झेड समघटकात. पण गेजवरचा आकडा फसवा आहे. कॅटॅलिस्टला दिसतो तो द्रवात विरघळलेला हायड्रोजन, आणि तो ढवळण्यावर अवलंबून असतो. पावसात आमच्याकडं लाइट जाते, स्टरर थांबतो, गेज तसंच उभं, आणि आत द्रव उपाशी. पुन्हा सुरू झाल्यावर चित्र वेगळं. आम्ही स्टररला यूपीएस जोडला, त्या वर्षी ई.ई. ८१ चा ८३ झाला. यूपीएसवाला खूष.

मोजमाप खोटं बोलतं का?

हे तपासल्याशिवाय पुढं जाऊ नका. इनामाइड अतिनील प्रकाश भरपूर शोषतं, त्यातून तयार झालेला माल २५४ नॅनोमीटरला फारच कमी. म्हणजे एक टक्का उरलेला सब्स्ट्रेट एचपीएलसीवर (घटक वेगळे करून प्रत्येकाचा पीक मोजणारं यंत्र) आठ-दहा टक्क्यांच्या पीकसारखा दिसू शकतो, आणि तो नेमका नको असलेल्या हाताच्या पीकखाली बसला की ई.ई. पडल्याचा भास होतो. रॅसिमेट (दोन्ही हातांचं समसमान मिश्रण), सब्स्ट्रेट आणि कीटो-एस्टर तिन्ही वेगवेगळी इंजेक्ट करा, मग मिश्रण, आणि पीकचं गुणोत्तर दोन तरंगलांबींवर जुळतं का बघा.

दुसरं, ई.ई. नेहमी कच्च्या मालावर मोजा. अमाइड गट असलेल्या मालात साध्या सिलिका कॉलमवरही पुढचे आणि मागचे फ्रॅक्शन वेगवेगळ्या ई.ई.चे निघू शकतात. आधीच थोडा एकतर्फी असलेला माल स्वतःशीच जोड्या जमवतो, आणि त्या जोड्या वेगळ्या वेगानं उतरतात. मधला देखणा फ्रॅक्शन तेवढा मोजून ९८ लिहिलेले मीही पाहिलेत. नावं घेत नाही, त्यात एक वही माझी होती.

आमची एचपीएलसी खरं बोलत होती. ८१ म्हणजे ८१च.

मग उरलं काय?

भांडं.

तिसऱ्या जुलैत, सगळे उपाय हरल्यावर, आम्ही एक कोरं रन केलं. सब्स्ट्रेट घातला, मिथेनॉल घातलं, हायड्रोजन भरला, नेहमीसारखं सोळा तास ढवळलं. फक्त कॅटॅलिस्ट घातला नाही. काही व्हायलाच नको होतं. सकाळी अण्णांनी सॅम्पल लावलं: २४ टक्के सब्स्ट्रेट गायब आणि दोन पीक अगदी समसमान. निव्वळ रॅसिमेट.

कागदावर मांडा. ९५ चा ८१ व्हायला साधारण १५ टक्के माल रॅसिमिक वाटेनं जायला लागतो, कारण ०.८५ गुणिले ९५ म्हणजे ८१. कोऱ्या रनमध्ये २४ दिसले ते यासाठी, की तिथं सब्स्ट्रेटवर हक्क सांगायला आपला कॅटॅलिस्ट नव्हता, त्या परक्याला सोळा तास मैदान मोकळं होतं.

परका कोण ते कळायला वेळ लागला नाही. आमचा ऑटोक्लेव्ह दोन गट वापरतात. शेजारचा गट त्यात नायट्रोचं अमाइन करतो, पॅलेडियम-कार्बनवर, म्हणजे पॅलेडियम धातू बसवलेल्या कोळशाच्या भुकटीवर. आणि ते हे काम उन्हाळ्यात टाळतात, कारण एप्रिलच्या कोरड्या हवेत मिथेनॉलनं ओला पॅलेडियम-कार्बन गाळताना फनेलवर एकदा भडका उडाला होता. तेव्हापासून त्यांचा नियम: गाळण पावसाळ्यात, हवा दमट असताना. म्हणजे दोष पावसाचाच होता, पण ओलाव्यामार्गे नाही, वेळापत्रकामार्गे.

बोट फक्त त्यांच्याकडं दाखवणं बरोबर नाही. एचपीएलसीसाठी लागणारं रॅसिमेट आम्हीही पॅलेडियम-कार्बनवरच करत होतो. याच भांड्यात.

धुण्यात कोणी कसूर केली नव्हती. काचेचा लायनर चकाचक होता. अण्णांनी तारेला कापूस गुंडाळून सॅम्पल काढायच्या नळीतून फिरवला तर तो काजळासारखा काळा बाहेर आला. थर्मोवेलच्या (तापमापक घालायच्या नळीच्या) आट्यांत, टेफ्लॉन गॅस्केटच्या कडेला, पॅडलच्या नटाखाली, सगळीकडं थोडं थोडं. दहा टक्केवाल्या पॅलेडियम-कार्बनच्या पाच मिलिग्रॅममध्ये सुमारे ४.७ मायक्रोमोल पॅलेडियम असतं. डोळ्याला ती चिमूटही दिसत नाही, आणि एवढं पुरतं.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. पॅलेडियमच्या कामाला लायनर, नळी, गॅस्केट आणि पॅडल वेगळं, सगळ्यावर लाल रंगाचा पट्टा. पाटी मराठीत लावावी की कन्नडमध्ये यावर आमच्याकडं चहा थंड होईपर्यंत चर्चा झाली. लाल रंग सगळ्यांना वाचता येतो. काच आणि टेफ्लॉन, विशेषतः चुंबकाचे टेफ्लॉनचे तुकडे, ज्यांच्या ओरखड्यांत धातू बसून राहतो, फ्यूम हूडमध्ये ॲक्वा रेजियानं (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणानं) धुवायचे. पण ॲक्वा रेजिया स्टीलच्या भांड्याला चुकूनही लावायचं नाही, भांडंच खाऊन टाकेल. स्टीलचे भाग सुटे करून, ब्रश आणि सॉल्व्हंटनं, आटे न् आटे. निघालेला पॅलेडियम-कार्बन पाण्यानं ओलाच ठेवायचा, कोरडा करून कचऱ्यात नाही.

आणि कोरं रन. दुसऱ्या गटानं भांडं वापरलं की आपल्या बॅचआधी एक रात्र कॅटॅलिस्टशिवाय चालवायचं. सकाळी एक टक्क्याहून जास्त रूपांतर दिसलं तर भांडं परत धुवायला. एक रात्र जाते याची सगळ्यात जास्त कुरकूर मीच केली होती. पण एका बॅचमधल्या लिगंडच्या किमतीत अशा कितीतरी रात्री निघतात.

त्यानंतरच्या जुलैत ९५, ९४, ९५. बाहेर आंबोलीकडून येणारा पाऊस आडवा-तिडवा.

मग ऑगस्टमध्ये अचानक ९१. कोरं रन स्वच्छ, द्रावण केशरी, एचपीएलसी दोन्ही तरंगलांबींवर सरळ. अण्णा खिडकीतून बाहेर बघत गप्प उभे होते, मला कळत होतं त्यांना काय म्हणायचंय. सॅम्पल धारवाडला पाठवलं. आम्ही वापरतो त्या झेडसोबत शंभरात चार भाग ई समघटक. आमच्या लिगंडवर ई उलट्या हाताकडं झुकतो, त्यामुळं ९५ मधून तेवढे चार गुण जायलाच हवेत. घाईच्या दिवशी कोणीतरी कॉलमचं शेवटचं फ्रॅक्शनही मिसळून घेतलं होतं, आणि एनएमआरशिवाय लॉट पास करणारी सही माझी होती. तो लॉट सध्या परत कॉलमवर चढवलाय.